धोंड्याचं पान

आमच्या गावाचा जुना इतिहास मी लिहिलाय. चाळीस पानी आहे, छापील आहे, मुखपृष्ठावर ढाल-तलवार आहे, आणि सगळा खोटा आहे. माझं नाव त्यावर कुठेही नाही, तेवढे वरच्या घराने माझ्यावर उपकारच केले म्हणायचे. हल्ली पदवीवाले तरुण ते पुस्तक शोधत येतात, त्यातली वाक्यं वहीत उतरवून घेतात, आणि जाताजाता मला विचारतात, "बाई, तुम्ही गावच्या जुन्या. तुम्हाला काही ठाऊक आहे का?" मी म्हणते, "चहा घ्या."

वरचं घर म्हणजे आमच्या गावच्या वतनदारांचं घर. टेकाडावर ते, खाली भाताचा मळा, मळ्याच्या टोकाला आमचं दोन खणांचं घर, त्यापुढे खाडी आणि खाडीपलीकडे तोंडवलीचे माड. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झाला नव्हता, आम्ही रत्नागिरीतच मोडत होतो. खोती गेली होती, कुळकायदा आला होता, कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी चढू लागल्या होत्या. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कशाला! वरच्या घराकडे आता तीनच गोष्टी राहिल्या होत्या. देवळातला पहिला नारळ, पालखीला पहिला खांदा आणि मूळपुरुष.

हा मूळपुरुष मी लहानपणापासून ऐकत आले. तो घाटावरून घोड्यावर बसून आला. कोणाच्या चाकरीत होता ते सांगणाऱ्याच्या मर्जीवर. मालकांचं, म्हणजे वरच्या घरच्या कर्त्याचं, पोट भरलेलं असलं की तो विजयनगरच्या राजाचा सरदार असायचा, कोर्टाची तारीख जवळ आली की आदिलशहाचा. राजाने सांगितलं, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तुझा घोडा फिरेल तेवढी जमीन तुझी. आणि म्हणे घोडा फिरला! अहो, आमच्या गावात घोडा? इकडे कातळाचा सडा, तिकडे गुडघाभर चिखलाचं खाजण, मधे खाडी. आमच्या गावात बैलगाडी उतरवायची तर दोन माणसं चाकाला धोंडे लावत पुढे चालतात. तो घोडा सकाळी निघाला असता तर न्याहारीच्या वेळेला चिखलात रुतून बसला असता आणि मूळपुरुष लगाम धरून बोंबलत बसला असता. पण मालक ही गोष्ट सांगू लागले की सगळा गाव माना डोलवायचा. मीही डोलवली आहे.

गोष्टीच्या शेवटी मालक एक वाक्य हटकून म्हणायचे. "आमी येवच्या आदी हय काय एक नव्हता. निसता रान."

आता दुसरी गोष्ट सांगते, ती कोणी मोठ्याने सांगत नसे. मळ्याच्या टोकाला, आमच्या घराच्या मागे, एक काळा धोंडा उभा होता. मूर्ती नाही, शेंदूर नाही, काही नाही. भाद्रपदात वरच्या घरी म्हाळ असायचा, म्हणजे पितरांचं जेवण. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, सगळं सोवळ्यात रांधलेलं. पण त्या घरच्या पितरांना पहिलं पान मिळत नसे. पहिलं पान मागच्या दाराने बाहेर पडायचं ते या धोंड्याकडे. धोंड्याच्या पानाला कावळा शिवला की मगच वरच्या घरचे बापजादे जेवायचे. ढाल-तलवारीचे धनी, आदिलशहाचे सरदार, आणि दरवर्षी दुसऱ्या पंगतीला!

ते पान कोणासाठी? तर त्या जागी आधी एक घर होतं. वरचं घर यायच्या आधीचं. ते निर्वंश झालं. त्यांची जमीन जो खातो त्याने त्यांना वर्षाचं एक जेवण द्यायचं, नाहीतर खाल्लेलं पचत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. ते कसे निर्वंश झाले याबद्दल गावात कोणीही एक अक्षर बोलत नसे. मळा नांगरताना कधी खापऱ्या वर यायच्या, एकदा जात्याची अर्धी तळी आली. नांगरधरी ती उचलून बांधावर ठेवायचा आणि पुढे जायचा. मला विचाराल तर, भरलं घर असं उगाच निर्वंश होत नाही, आणि उगाच कोणी कोणाला पिढ्यान् पिढ्या घाबरून वडे वाढत नाही.

पान वरच्या घराने स्वतः न्यायचं नाही. जमीन खाणाऱ्याचं तोंड धोंड्याला दिसता कामा नये. ते न्यायची चाकरी आमच्या घराकडे, आणि त्या चाकरीपोटी आमची ती घराची जागा आणि सहा माड. आता तुम्हाला वाटेल की त्या निर्वंशी घराचं रक्त आमच्यात असणार. छे! तसलं काही नाही. आमचा कोणी पणजोबा पोटासाठी शिरोड्याकडून आला, आणि दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडलं. वडील मी सात वर्षांची असताना तापाने गेले, तेव्हापासून आई पान नेत असे. मी मागून जायची. ती पान ठेवायची, पाण्याचा तांब्या उपडा करायची आणि म्हणायची, "तुमचा तुमका पावला." बस्स. मागे वळून न बघता घरी.

मी सातवी झाले, ट्रेनिंग केलं आणि गावातल्याच मराठी शाळेत मास्तरीण लागले. माझं अक्षर चांगलं होतं. नुसतं चांगलं नव्हे, तालुक्याचे साहेब तपासणीला आले की फळा बघून विचारायचे, हे कोणी लिहिलं? मला त्याचा भारी गर्व. गर्वाचं घर खाली म्हणतात ते मुलांना मी फळ्यावर लिहून द्यायची, आपल्याला लागू आहे हे काही ध्यानात येत नव्हतं.

साठ-एकसष्ट साल असेल. मालकांनी आपल्या मुलीचं लग्न घाटावरच्या एका बड्या घरात ठरवायला घेतलं. त्या घाटावरच्यांनी निरोप पाठवला की मुलगी पसंत आहे, घराण्याचा इतिहास पाठवा. झालं! वरच्या घराचं धाबं दणाणलं. गोष्टी होत्या, इतिहास कुठून आणायचा? मालकांनी मला बोलावलं आणि स्वतः खुर्चीवर बसून मला पाटावर बसवलं.

"तू आमचो इतिहास लिव," म्हणाले. "सगळो मी सांगतंय. तू भाषा घाल."

"लेखी काही आहे का?" मी विचारलं. मी मास्तरीण ना!

"आसा तर! ताम्रपट आसा."

ताम्रपट म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. देवघरातून लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आलं. मालकांनी पागोटं घातलं, मगच गाठ सोडली. आत तांब्याचा जाड पत्रा, वर कडी, आणि लख्ख! इतका लख्ख की त्यात मला माझं नाक दिसलं. अक्षर एक नाही. मी उलटा केला, उन्हात धरला, बोट फिरवलं. कुठे काना नाही, मात्रा नाही.

"यावरचं लिहिलेलं कुठे गेलं?" मी विचारलं.

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "दर दसऱ्याक चिंचेन घासतो आमी. माज्या सासूच्या सासूपासून. कधी काळो पडूक दिलो नाय."

घ्या! राजाने दिलेला हुकूम, घागरी-पातेल्यांच्या राशीत बसून, चिंच आणि राखोंडी लावून, पिढ्यान् पिढ्या घासला या बायांनी. शत्रूंनी नाही, वाळवीने नाही, यांच्या टापटिपीने इतिहास खाल्ला. आणि मालक माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणतात, "तरी पण ताम्रपट तो ताम्रपट." मला असं हसू आलं की मी पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं.

त्याच वेळी उठून जायला हवं होतं. पण मालकांनी गाठ बांधताबांधता सहज सांगितलं, "तुज्या आवशीच्या घराच्या जागेचा काय ता मी बघतंय. कायद्याचे लोक येतले आता. तू ह्या लिवन दी, घराची काळजी करू नको."

ही खरी गोम होती. आमच्या जागेचा कागद नव्हता. चाकरी होती, म्हणून जागा होती, आणि ते सगळं तोंडी. मळ्याची जमीन कुळांकडे जाणार हे दिसत होतं, तेव्हा मालकांच्या मुंबईत शिकलेल्या मुलाचा आमच्या तुकड्यावर डोळा होता. त्याला तिथे भाताची गिरण घालायची होती. आईचं सगळं जग म्हणजे ते दोन खण, सहा माड आणि तुळस. तिला तिथून उठवली असती तर ती कुठे गेली असती? मी म्हटलं, चार खोटी वाक्यं लिहून आईचं घर वाचत असेल तर काय बिघडलं?

मग मी लिहिलं. आणि कबूल करायला लाज वाटते, पण मला मजा आली. घोडा मी असा काही उधळवला की खाजण, खाडी, सगळं उडून पार! मूळपुरुषाला मी भरदार छाती दिली, तेजस्वी नेत्र दिले. आणि मालकांचं ते ठेवणीतलं वाक्य आलं तेव्हा ते साध्या शब्दांत लिहायला माझं मन घेईना. मी लिहिलं, "या महापुरुषाचे पुनीत चरण लागण्यापूर्वी ही भूमी म्हणजे मानवी पदचिन्हाचाही स्पर्श न झालेले निबिड अरण्य होते." लिहून मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. आई बाजूलाच आमसुलाची सोलं नीट करत होती.

"काय वाचतस?" म्हणाली.

"शाळेचं काम," मी म्हटलं.

धोंडा मी पुस्तकात घातला नाही. पान घातलं नाही. मालकांनी सांगायचीही गरज पडली नाही, मीच शहाणपणाने वगळलं. पुस्तक कोल्हापूरला छापलं गेलं. घाटावरच्यांना ते आवडलं, लग्न झालं, आणि माझ्या हातावर एक लुगडं ठेवण्यात आलं.

मालकांनी घराचं बघितलंही. चांगलंच बघितलं!

दोन वर्षांनी, ऐन भाद्रपदात, कुळकायद्याच्या चौकशीला तालुक्याहून अव्वल कारकून आले. गावात सरकारी जागा म्हणजे शाळाच, तेव्हा चौकशी माझ्याच वर्गात, माझ्याच टेबलावर. कारकून सज्जन होते, जाडे होते आणि सतत घाम पुसत होते. आमच्या घराचा नंबर आला. मालकांचा तो गिरणवाला मुलगा उभा राहिला आणि शुद्ध मराठीत म्हणाला की ही जागा आमची खाजगी आहे, ही बाई आमच्या परवानगीने तिथे राहते, आणि आता आम्हाला जागा हवी आहे.

आई म्हणाली, "चाकरीची जागा ती. धोंड्याक पान नेतंय मी. माजो घोव न्हेय होतो, तेचो बापूस न्हेय होतो."

"कोणता धोंडा?" कारकुनांनी विचारलं.

"तो शिवेचा दगड आहे," मुलगा म्हणाला. "हिच्या मनाचे खेळ आहेत साहेब. आमच्या आधी इथे कोणी नव्हतंच, तर पान कोणाला? हे बघा, छापील इतिहास आहे." आणि त्याने पुस्तक उघडून ते वाक्य वाचलं. पुनीत चरण, पदचिन्ह, निबिड अरण्य, सगळं. छान वाचलं मेल्याने. शिरा पडो त्याच्या तोंडावर!

कारकुनांनी पुस्तक उलटसुलट बघितलं, मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही या गावच्याच. शिक्षिका आहात. हे बरोबर आहे का?"

वर्ग गच्च भरला होता. मालक शाळा कमिटीचे अध्यक्ष, पहिल्या बाकावर बसलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नखं बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की हे मी लिहिलं आणि हे खोटं आहे. दहा वर्षं पोरांना खरं बोलावं म्हणून छड्या मारल्या मी.

मी म्हटलं, "पुस्तकात तसं आहे."

कारकुनांनी लिहून घेतलं. परवा निकाल देतो म्हणाले.

घरी आल्यावर आईने नेहमीसारखी पेज वाढली, सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून दिला. मला वाटलं ती ओरडेल, डोकं आपटून घेईल. काही नाही. मी जेवून हात धुतला तेव्हा तिने विचारलं, "पुस्तक तू लिवलंस?"

"होय."

"कित्याक?"

"ह्या घराकरता गो आये."

"बरा केलंस," ती म्हणाली आणि चूल सारवायला बसली. माझ्या आयुष्यात मला त्याहून वाईट शिवी कोणी दिली नाही.

मधल्या दिवशी वरच्या घरचा म्हाळ होता. त्या वर्षी थाट विचारू नका. घाटावरचे व्याही आले होते, चांगले आठ-दहाजण, जरीचे रुमाल बांधून. आणि अव्वल कारकुनांनाही जेवणाचं आमंत्रण. निकाल उद्याचा, जेवण आजचं! साहेबही गेले, त्यांना तरी शाळेत कोण वाढणार होतं?

आई सकाळपासून अंगणात झावळ्या विणत बसली होती. दरवर्षी या वेळी ती न्हाऊन, कोरं लुगडं नेसून तयार असायची. मी दोनदा म्हटलं, "आये, उशीर होता." तिने मान वर केली नाही.

ऊन डोक्यावर आलं तसा वरच्या घरचा गडी आला. पान वाढून ठेवलंय म्हणाला. आई म्हणाली, "असूंदे." तो गेला. मग मालकीणबाई स्वतः आल्या, सोवळं सांभाळत, बांधावरून अडखळत.

"अगो, पान निवान गेला. येतस मा?"

"खंय?" आई म्हणाली.

"खंय म्हणजे? धोंड्यार!"

"तो शिमेचो दगड, मालकीणबाय. शिमेच्या दगडाक कोण वडे वाढता?"

मालकीणबाईंनी सोवळं आवरलं. त्या आल्या तशा गेल्या. आणि मग मालक आले. मालक आमच्या अंगणात! वडील गेले तेव्हासुद्धा बांधापाशी उभे राहून परतले होते ते. पायात वहाण नाही, अंगावर उपरणं, कपाळाला गंध, आणि घामाने ते गंध नाकावर आलेलं. मला त्यांची कीव येण्याऐवजी आनंद झाला, सांगून टाकते.

का आले? दुसऱ्या कोणाच्या हाताने पान पाठवता आलं असतं. पण गावातलं कुत्रंसुद्धा ते पान उचलायला तयार नव्हतं, चाकरी ज्याची त्याची. नुसतं पान ठेवलं म्हणून खोटं सांगता आलं असतं, व्याह्यांना काय कळणार होतं? पण खोटं बोलायची छाती चौकशीत होती, धोंड्यापुढे नव्हती. त्या माणसाने चाळीस पानं छापून जगाला सांगितलं होतं की इथे कोणी नव्हतं, आणि त्याच कोणी नसलेल्यांच्या भीतीने त्याला घाम फुटला होता. पंगत मांडलेली, व्याही पाटावर बसलेले, वडे गार पडलेले, आणि बापजादे उपाशी.

"माणसा उपाशी बसलीत," मालक म्हणाले. "उठ. तुका काय होया ता मागे बघू."

"मागे नको," आई म्हणाली. झावळी काही तिने खाली ठेवली नाही. "कारकून सायेब तुमच्याच वट्यार बसलेत मा? तेंका हय घेवन येवा. आनी हय उभे रवान सांगा, हय कोण होते, पान कोणाचा आनी न्हेता कोण. तेनी लिवन घेवक होया. मगे मी पान न्हेतंय."

"अगो, ता पुस्तकातला! पुस्तकात असाच लिवतत!"

"सायबान पुस्तकातलाच वाचून घेतल्यान."

मालक रागावले. ओरडले, तुझी लायकी काय म्हणाले, बेइमान म्हणाले. आई विणत राहिली. वरून शंखासारखा एक आवाज आला, व्याह्यांपैकी कोणीतरी जांभई दिली असावी. मालकांनी एकदा टेकाडाकडे बघितलं, एकदा धोंड्याकडे बघायला मान वळवली आणि मधेच थांबवली. तोंड दिसता कामा नये ना! मग उपरणं सावरत ते वर गेले आणि कारकुनांना घेऊन आले.

साहेब छत्री धरून, बगलेत कागद मारून, बांधावरून घसरत आले. भुकेने त्यांचा चेहरा उतरला होता. आमच्या पायरीवर टेकले आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे जबानी बदलायची आहे. ठीक आहे." दौत-टाक बाहेर काढला, हाताकडे बघितलं, हात घामाने ओला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर सुरेख आहे. तुम्हीच घ्या उतरवून, मी खाली सही करतो."

मी पुढे झाले. तुम्हाला काय सांगू, मला रडू येत होतं. मनात वाक्य तयारच होतं. या वेळी खरं लिहायचं, साधं लिहायचं, सगळं भरून काढायचं. मी हात पुढे केला आणि साहेबांनी टाक माझ्या हातात दिला.

"नको," आई म्हणाली.

साहेबांना कळेना.

"तेच्याकडे देव नकात," आईने झावळी खाली ठेवली. "ता फार बरा लिवता. तुमीच लिवा."

मी टाक परत दिला. साहेबांनी धोतराला हात पुसून स्वतः लिहिलं. मालकांनी कचेरीतली मराठी काढली आणि सांगितलं, आमच्यापूर्वी येथे एक घर होते. ते निर्वंश झाले. त्यांचे पान आम्ही देतो, ही बाई व तिचे घर पूर्वापार नेते, व जागा त्या चाकरीची आहे.

"निर्वंश कसे झाले?" साहेबांनी विचारलं.

मालक गप्प. आई गप्प. सगळा मळा गप्प. साहेबांनी वाट बघितली, वरच्या घराच्या धुराकडे बघितलं, आणि म्हणाले, "राहू दे. त्याची गरज नाही." आमच्या गावाच्या खऱ्या इतिहासाशी आजवर कोणी सर्वांत जवळ पोचलं असेल तर ते हेच भुकेले अव्वल कारकून.

मालकांनी सही केली. आईने अंगठा उठवला. मग ती उठली, न्हाली, कोरं लुगडं नेसली आणि वरच्या घराच्या मागच्या दाराकडे गेली. सगळ्यांनी खालमानेने वाट बघितली. पान ठेवून ती परतली तेव्हा कावळा शिवला होता, आणि टेकाडावर एकदाची पंगत बसली.

घर वाचलं. दुसऱ्या दिवशी निकालात जागा आईच्या नावे झाली, गिरण दुसऱ्या गावात गेली. मी त्याच घरात आज राहते. तो कागद ट्रंकेत आहे, त्यावर मालकांची सही आहे, आईचा अंगठा आहे, साहेबांचं वाकडंतिकडं अक्षर आहे.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही, माझ्या पोळीला तूप लावून द्यायची, आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसायची. फक्त मुंबईला मावशीला पत्र घालायचं असलं की पोस्टमनची वाट बघायची. तो आला की त्याला चहा द्यायची, पायरीवर बसवायची आणि सांगायला लागायची. मी तिथेच ओट्यावर पोरांची शुद्धलेखनं तपासत बसलेली असायची. पोस्टमनचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "आये, मी लिवतंय ना. तेका कशाक तरास देतस?"

"नको गो," आई म्हणाली. "हय आमचा कसा चल्ला ता तुज्या मावशेक खरा कळाक होया."